रागावण्याआधी घड्याळ पाहा

पालकहो, कुत्र्याच्या पोटात चॉकलेट गेलं तर काय करायचं, याबद्दल आज तुमच्याशी बोलायचं आहे. विषय पशुवैद्यकाचा आहे आणि मी पशुवैद्यकच आहे. नोकरी सगळी चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या तालुक्यांत, लोकांच्या भाषेत ढोरांच्या दवाखान्यात गेली. तरी हे बोलणं तुमच्याशीच व्हायला हवं. कारण माझ्या टेबलावर आलेल्या कुत्र्याला वाचवायला जी माहिती लागते, ती बहुतेक वेळा तुमच्या मुलाजवळ असते. ती सांगायची की गिळून टाकायची, हे मूल तुमच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवतं.

आमच्या भागात कुत्रं म्हणजे अंगणातला जीव. राखणीला, शेतावर, मोहफुलं वेचायला जाताना सोबतीला. उरलेली भाकर आणि भाताची पेज एवढ्यावर त्याचं भागायचं. ते आता घरात आलं, त्याचं एक कारण बिबट्या. ताडोबाच्या भोवतालची गावं घ्या, की चंद्रपूर शहराला लागून असलेलं दुर्गापूर-ऊर्जानगर घ्या. रात्री अंगणात बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला आयतं ताट. म्हणून माणसं कुत्र्याला ओसरीवर घेऊ लागली, मग आतल्या खोलीत, आणि मुलांनी तर थेट आपल्या गादीवर. वीज केंद्राच्या वसाहतीत, कोळसा खाणींच्या क्वार्टरांत, बल्लारपूर-भद्रावतीच्या कॉलन्यांत लॅब्रॅडॉर, पग, स्पिट्झ पाळणारी घरं आता कितीतरी आहेत.

चॉकलेटही असंच आत आलं. एटापल्लीच्या किराणा दुकानातसुद्धा काउंटरवर चॉकलेटचा डबा असतो. राखीला भाऊ बहिणीला चॉकलेटचा खोका देतो, वाढदिवसाला केक लागतोच, आणि आता तर व्हिडिओ पाहून केक घरीच होतो. त्यासाठी कोको पावडरीचा डबा आणि डार्क चॉकलेटची लादी ओट्याखालच्या कप्प्यात येऊन बसते, म्हणजे नेमकी कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर. या दोघांची गाठ घालून देतं ते मूल. त्यात त्याची वाईट बुद्धी मुळीच नसते. आपल्याला आवडतं ते आपल्या माणसाला द्यावं, वाटून खावं, हे आपणच त्याला शिकवलेलं असतं.

चॉकलेट ज्या कोकोच्या बियांपासून होतं, त्यांत थिओब्रोमीन नावाचं द्रव्य असतं. चहा-कॉफीतलं कॅफिन ज्या जातीचं, त्याच जातीचं हे. माणसाचं शरीर ते काही तासांत मोडून बाहेर टाकतं. कुत्र्याचं यकृत या कामात फार मंद आहे. रक्तातलं थिओब्रोमीन निम्म्यावर यायलाच त्याला सतरा-अठरा तास लागतात. तेवढा वेळ ते हृदयाला पळवत राहतं आणि मेंदूला चेतवत राहतं. आधी उलट्या, जुलाब, सारखी तहान, सारखी लघवी, एका जागी न बसणं. मग धाप, छातीत धडधड, अंगाला कंप. पुढे झटके. हे सुरू व्हायला दोन-चार तास लागतात, कधी सहा ते बारा तासही. आणि सुरू झालं की दोन-तीन दिवस टिकू शकतं. मधल्या वेळात कुत्रा अगदी ठणठणीत दिसतो, शेपूट हलवतो, खेळतो. तो काळ फसवा असतो, आणि इलाजाचा सर्वांत चांगला वेळही तोच असतो.

आता थोडा हिशेब. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम थिओब्रोमीन गेलं की त्रास सुरू होतो. ४० ते ५० मिलिग्रॅमला हृदयाची लय बिघडू लागते. ६० च्या पुढे झटके येतात. दुधाच्या चॉकलेटात दर ग्रॅममागे साधारण २ मिलिग्रॅम असतं, डार्कमध्ये ५ किंवा त्याहून जास्त, आणि कोको पावडरीत २० च्या पुढे. पांढऱ्या चॉकलेटात ते जवळजवळ नसतंच. घरातला स्पिट्झ पाच किलोचा धरा. त्याला बाधायला १०० मिलिग्रॅम पुरे, म्हणजे दुधाचं चॉकलेट ५० ग्रॅम, डार्क २० ग्रॅम, आणि कोको पावडर चहाचे दोन चमचे. तीस किलोच्या लॅब्रॅडॉरने दहा रुपयांचं दुधाचं चॉकलेट खाल्लं तर बहुधा काहीच होणार नाही. त्याच्यासाठी मध्यरात्री नागपूरला गाडी काढू नका. डॉक्टरांना फोन करा आणि सकाळपर्यंत लक्ष ठेवा. पण त्याच लॅब्रॅडॉरने पाव किलो डार्क लादी फस्त केली असेल, तर त्याच्या हृदयाला धोका आहे, मग तो कितीही धष्टपुष्ट असो.

म्हणून ‘चॉकलेट खाल्लं’ एवढं सांगून माझं भागत नाही. कोणतं, किती आणि केव्हा, ही तीन उत्तरं हवीत. आणि ती देणारा माणूस बहुतेकदा तुमच्या मागे, दाराशी उभा असतो.

एक दुपार सांगतो. धानपट्ट्यातला तालुका, मे महिना, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. एक गृहस्थ मोटारसायकलवरून स्पिट्झ घेऊन आले. टॉवेलात गुंडाळलेला, आणि मागे कुत्र्याला धरून बसलेला सात-आठ वर्षांचा मुलगा. कुत्रा धापा टाकत होता, मागचे पाय थरथरत होते, छातीला नळी लावली तर ठोके मोजता येईनात. मी विचारलं, काही खाल्लं का? वडील म्हणाले, “काहीच नाही खाल्लं जी साहेब. ऊन लागलं त्याले. सकाळपासून असाच करून रायला.” उन्हाचं निदान त्या दिवसांत कुणालाही पटलं असतं. चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे असताना प्रत्येक कुत्रं धापा टाकतं. पण हा कुत्रा सकाळपासून कूलरच्या खोलीत होता, असं तेच सांगत होते. आणि टॉवेलावर ओकारीचा एक डाग होता, गडद तपकिरी. टॉवेल नाकाशी नेला तर केकचा वास.

मुलगा दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा होता. हाताची बोटं शर्टाच्या खालच्या बटणाशी चाळा करत होती, आणि नजर कुत्र्यावर नव्हती, वडिलांवर होती. मी वडिलांना समोरच्या मेडिकलमधून सलाइनच्या बाटल्या आणायला पाठवलं. मुलाजवळ जाऊन बसलो.

“बेटा, याचं नाव काय?”

नाव सांगितलं.

“याला काय आवडते खायला?”

बराच वेळ काही नाही. मग, “डब्बा चाटला त्यानं.”

“कोणता डब्बा?”

“केकचा पावडर. मीच देल्ला. त्याचं नाक तपकिरी झालं होतं.” एवढं म्हणून तो हुंदके द्यायला लागला.

केव्हा, ते त्याला घड्याळात सांगता येईना. मी विचारलं, नळ यायच्या आधी की नंतर? “आधी. आई गुंड भराले उठली नव्हती.” त्यांच्या गल्लीत नळ सातला यायचे. म्हणजे सात तास उलटून गेले होते. उलटी काढण्याची वेळ टळली होती, आणि थरथरणाऱ्या कुत्र्याची उलटी काढायची नसते, ती फुप्फुसात जाते. मी उन्हाचा उपचार बाजूला ठेवला. सलाइन लावलं, कंप थांबवायचं औषध दिलं, कोळशाची औषधी भुकटी पाण्यात कालवून नळीने पोटात सोडली. वडील बाटल्या घेऊन परतले, त्यांना सगळं कळलं, आणि त्यांचा हात मुलावर उगारला गेला. “आता सांगून रायला का?”

मी त्यांना म्हणालो, भाऊ, यानं आत्ता सांगितलं म्हणून मी योग्य औषध देऊ शकलो. नाहीतर त्याच्या अंगावर पाणी ओतत बसलो असतो. हात खाली आला. कुत्रा दुसऱ्या दिवशी दुपारी उभा राहिला.

त्या मुलाने सकाळी सातला आईला सांगितलं असतं, तर दुपारचं काहीच घडलं नसतं, हे खरं. पण त्याने का सांगितलं नाही, याचा विचार आपण करायला हवा. मूल एका दिवसात गप्प राहायला शिकत नाही. कपबशी फुटली, ‘मी फोडली’ म्हटलं, आणि चापट बसली. वहीचं पान फाटलं, खरं सांगितलं, आणि पाहुण्यांसमोर उद्धार झाला. अशा दहा प्रसंगांतून ते शिकतं की खरं बोलणाऱ्याला मार आहे आणि गप्प राहणाऱ्याला निदान संध्याकाळपर्यंत मुदत आहे. मग एक सकाळ अशी येते की ती मुदत एका मुक्या जिवाला परवडत नाही.

तेव्हा तुमच्याकडे माझं पहिलं मागणं हे आहे. ओट्याजवळ फाटलेला कागद दिसला, कुत्र्याचं तोंड चॉकलेटने माखलेलं दिसलं, की ‘कुणी दिलं?’ हा प्रश्न गिळा. त्या प्रश्नाचं उत्तर कुत्र्याच्या कामाचं नाही. आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहा आणि वेळ कागदावर लिहा. मग मुलाच्या उंचीला येऊन, साध्या आवाजात विचारा: काय खाल्लं त्यानं? किती होतं? केव्हा? लहान मुलाला तास-मिनिटं कळत नाहीत, पण दिवसाची बांधणी त्याला पक्की ठाऊक असते. शाळेची व्हॅन यायच्या आधी का? कार्टून लागलं होतं का? आजी देवपूजेला बसली होती का? यावरून वेळ अर्ध्या तासाच्या अंतराने पकडता येते. आकड्यांच्या बाबतीत मात्र सावध राहा. भ्यालेलं मूल ‘एकच’ म्हणतं. त्याला खोटं पाडू नका. रिकामे कागद गोळा करून त्याच्यासोबतच मोजा. आणि काहीही झालं तरी ‘तुझ्यामुळे मरतोय बघ तो’ हे वाक्य तोंडातून काढू नका. ते वाक्य मूल जन्मभर विसरत नाही. म्हातारपणीही त्याबद्दल बोलताना घसा दाटलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता कुत्र्याकडे वळू. उरलेलं चॉकलेट त्याच्यापासून दूर करा. वेष्टन फेकू नका. त्यावर वजन आणि कोकोचं प्रमाण छापलेलं असतं, ते मला हवं असतं. कुत्र्याचं वजन माहीत नसेल तर त्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा आणि तुमचं वजन वजा करा. मग डॉक्टरांना फोन. खाऊन दोन तासांच्या आत असेल तर पोट रिकामं करण्याचा फायदा होतो, पण ते काम दवाखान्यातलं. घरी मीठपाणी पाजू नका. ही रीत आपल्याकडे घरोघर आहे, आणि चॉकलेटाने जो कुत्रा वाचला असता तो मिठाच्या विषबाधेने दगावू शकतो. बोटं घशात घालू नका. दूध, तूप, ताक, हळद, लिंबू, राईचं पाणी यांतलं काहीही थिओब्रोमीन बाहेर काढत नाही. उलट तूप-दुधाने आधीच बिघडलेल्या पोटावर भार पडतो. तो पीत असेल तर स्वच्छ पाणी ठेवा, एवढं पुरे.

झटका आला तर अंगाखाली गोधडी सरकवा, जवळच्या टोकदार वस्तू हलवा, पंखा सोडून बाकी आवाज बंद करा. तोंडात चमचा घालू नका, चप्पल किंवा कांदा हुंगवू नका. त्या वेळी कुत्रा मालकाला ओळखत नाही आणि चावतो, म्हणून मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा. झटका किती वेळ टिकला तेवढं घड्याळात पाहा.

आपल्या जिल्ह्यांत अंतर हाच मोठा प्रश्न आहे. चंद्रपुरातून नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय दीडशे किलोमीटरच्या पुढे आहे, गडचिरोलीहून त्याहून लांब. भामरागड आणि सिरोंचा तर गडचिरोलीपासूनच आणखी दीड-दोनशे किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. अशा ठिकाणी ‘मोठ्या दवाखान्यात नेऊ’ हा उपाय कागदावरच राहतो. तिथे जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांचा फोन आणि तुम्ही लिहून ठेवलेली वेळ, यांच्यावरच सगळं चालतं. फिरत्या पशुचिकित्सा पथकांचा टोल फ्री क्रमांक १९६२ आहे. ती व्यवस्था मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्यांसाठी उभी झाली, पण अडचणीच्या वेळी फोन लावून विचारायला हरकत नाही. गायी-गुरांवर इलाज करणाऱ्या डॉक्टरला कुत्र्याचं काय कळणार, असं मनात आणू नका. सलाइन, झटक्याचं औषध, हृदय तपासायची नळी आणि ती वापरण्याचं ज्ञान त्याच्याकडे आहे. आजच त्याचा नंबर घेऊन ठेवा. घटना घडल्यावर नंबर शोधण्यात अर्धा तास जातो.

प्रवासात कुत्र्याला गोणीत किंवा गाडीच्या डिकीत कोंबू नका. थिओब्रोमीनने अंग आधीच तापलेलं असतं, वरून आपलं ऊन. ओलं फडकं पोटाखाली ठेवा, वारा लागू द्या. वाटेत दर तासाला उतरवून लघवी करू द्या. हे सांगितलं की लोकांना नवल वाटतं, पण कारण साधं आहे: लघवीत उतरलेलं थिओब्रोमीन मूत्राशयातून पुन्हा रक्तात शोषलं जातं. जितक्या वेळा मूत्राशय रिकामं, तितका भार कमी. घरी आणल्यावरही एक-दोन दिवस हेच करायचं. आणि हे काम मुलावर सोपवा. साखळी त्याच्या हातात द्या, सोबत तुम्ही राहा. ज्याच्या हातून चूक झाली त्याच्याच हातून शुश्रूषा झाली, तर मुलाचं मन सावरतं. मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

धोका टळला असं वाटल्यावरही तीन-चार दिवस नजर ठेवा. चॉकलेट आणि केकमधल्या चरबीमुळे स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. कुत्रा खायचं टाकतो, पोट आवळून धरतो, पुन्हा उलट्या करतो. चॉकलेटवरचा चंदेरी कागद आणि प्लॅस्टिक आतड्यात अडकलं तरी असंच दिसतं. शी झाली का, कशी झाली, हे पाहायला लाजू नका.

आणि कधी कधी कुत्रा जातो. लहान जीव असतो, कोको जास्त गेलेला असतो, रस्ता लांब असतो. तेव्हा मुलाला ‘तो गावाला गेला’ असं सांगू नका. त्याला दोन-चार दिवसांत कळतंच, आणि मग तुमच्या पुढच्या बोलण्यावर त्याचा भरवसा राहत नाही. सांगा की तो मेला, चॉकलेट कुत्र्याला बाधतं हे तुला ठाऊक नव्हतं, आम्हीही तुला सांगितलं नव्हतं. हे शेवटचं मुद्दाम म्हणा, कारण ते खरं आहे. कोको पावडर खालच्या कप्प्यात सात वर्षांच्या मुलाने ठेवलेली नव्हती. पुरताना मुलाला सोबत घ्या. त्याला रडू द्या. लगेच दुसरं पिल्लू आणण्याची घाई करू नका.

तुम्ही म्हणाल, कुत्र्यासाठी एवढं? माझी कळकळ कुत्र्यापुरती नाही. ज्या घरात मूल चॉकलेटचं सांगत नाही, त्या घरात ते ओरखड्याचंही सांगत नाही. गल्लीतल्या पिल्लाशी खेळताना दात लागला, पोटरीला जरासं खरचटलं, आणि ‘तुला सांगितलं होतं ना, तिकडे जाऊ नको’ या भीतीने मूल पायजमा खाली ओढून घेतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की त्यावर इलाज उरत नाही. लक्षणांआधी मात्र जवळजवळ हमखास बचाव आहे: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, तिखट-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठून लस सुरू करायची, ठरलेल्या तारखांचा एकही डोस न चुकवता. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. हा सगळा बचाव मुलाच्या एका वाक्यावर उभा आहे. मण्यारीचंही तेच. तिचा दंश रात्री झोपेत होतो, खूण दिसेल न दिसेल अशी असते, आणि पोट दुखतंय असं म्हणणाऱ्या मुलाला ‘शाळा चुकवायची नाटकं’ म्हणून गप्प केलं तर हातचा वेळ जातो. जंगलालगत राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरात मुलाचं बोलणं आधी ऐकलं गेलं पाहिजे. शिस्त नंतर लावता येते.

चॉकलेट रानातल्या जनावरांनाही मारतं. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात २०१४ साली शिकाऱ्यांनी आमिष म्हणून ठेवलेल्या चॉकलेट आणि डोनटच्या ढिगाजवळ चार काळी अस्वलं मेलेली सापडली. तपासणीत कारण निघालं थिओब्रोमीन. आपल्या रानातही अस्वलं आहेत, आणि सुट्टीत ताडोबाला जाताना रस्त्याकडेच्या वानरांना बिस्किटं-चॉकलेटं टाकणारी कुटुंबं मी पाहतो. गाडीतलं मूल टाळ्या वाजवत असतं. त्याचा हात तिथेच थांबवा, आणि कारणही तिथेच सांगा.

चॉकलेटखेरीज आणखी काही वस्तू आहेत. मनुका आणि द्राक्षांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. आपल्याकडचा उरलेला सावजी रस्सा कुत्र्याच्या ताटात ओतताना हे ध्यानात ठेवा. बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल चॉकलेटपेक्षा कितीतरी घातक आहे. मोहाचा सडवा चाटलेला कुत्रा झिंगतो म्हणून हसायचं नसतं, ती दारूची विषबाधा असते. उंदराचं औषध आणि फवारणीचे डबे यांनी तर आमच्या भागात चॉकलेटपेक्षा जास्त कुत्री दगावलेली मी पाहिली आहेत, आणि तिथे उलटी काढायची की नाही हे औषधागणिक वेगळं असतं. म्हणून तिथेही डबा घेऊन या.

या सगळ्याचा एक कागद मुलाच्या हातून लिहून घ्या. वर कुत्र्याचं नाव आणि वजन, खाली डॉक्टरांचा फोन, त्याखाली न द्यायच्या वस्तू. मुलाला चित्रं काढायची असतील तर काढू द्या. तो ओट्याजवळ चिकटवा, आणि कोकोचा डबा त्याच दिवशी वरच्या फडताळात हलवा. मुलाला वाटून खाण्यापासून मात्र तोडू नका, त्याच्या हातात योग्य वस्तू द्या. घरात एक वेगळा डबा कुत्र्याच्या वाट्याचा ठेवा: गाजराचे आणि काकडीचे तुकडे, बिनमिठाची ज्वारीची भाकर, उकडलेलं अंडं. वाढदिवसाला केक कापला की मूल त्या डब्याकडे धावेल. त्यातलं त्याने मनसोक्त द्यावं, कुणाला विचारायची गरज नाही.